दोन स्प्रिंगांची खुर्ची

रोज सकाळी चहाच्या आधी थोरले काका एका रिकाम्या खुर्चीची बैठक तळहाताने दाबत, सोडत आणि म्हणत, "ठीक." खुर्ची काही बोलत नसे. त्यांचं निमूट ऐकून घेणारी घरात ती एकटीच.

काका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. स्प्रिंग जितकी दाबाल तितक्या जोराने ती उलट ढकलते, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मुलं त्यांना 'स्प्रिंगसर' म्हणू लागली. जगातली प्रत्येक अडचण स्प्रिंगने सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती. स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली त्यांची स्प्रिंग काकूंच्या हातातली लोणच्याची बरणी फोडून निवृत्त झाली होती.

मग आजी घसरून पडली. हाडं शाबूत राहिली, पण गुडघे उठू देईनात. धाकट्या काकांनी फर्मान काढलं, "रविवारी आईला माझ्याकडे नेतो. इथे दर वेळी तिला उठवणार कोण?"

आजीला आपली खिडकी सोडून कुठेच जायचं नव्हतं. "आणि माझी मी उठले तर?"

"तर राहा की," धाकटे काका उदारपणे म्हणाले. उदार व्हायला त्यांचं काही जात नव्हतं.

स्प्रिंगसरांना तर पर्वणीच. भंगारवाल्याकडून चार सारख्या, आखूड स्प्रिंगा आल्या. उंची पुरावी म्हणून काकांनी चारही एका नळीत एकावर एक रचल्या आणि वर बैठक ठोकली. आजी बसली ती थेट खाली गेली. गुडघे हनुवटीला टेकले.

"अरे, मला उठायचंय," ती तळातून म्हणाली, "पुरून घ्यायचं नाहीये."

काका भिंतीकडे फळा असल्यासारखे वळले. "एकावर एक ठेवल्या की प्रत्येकीवर पूर्ण वजन येतं, आणि चौघींच्या दबण्याची बेरीज होते." आयुष्यभर शिकवलेलं ते बहुधा प्रथमच ऐकत होते.

"म्हणजे तुम्हा भावांसारखंच," काकू म्हणाल्या. "ज्याला त्याला वाटतं, आईचा सगळा भार माझ्याच डोक्यावर. आणि आई बिचारी खालीच."

काका पुन्हा नळी उघडायला बसले. त्यांनी चारही स्प्रिंगा शेजारीशेजारी, चार कोपऱ्यांना बसवल्या. भार वाटला गेला, पण इतका, की बैठक हलेचना. आजीचे पाय अधांतरी लोंबू लागले.

"पार्सल करून ठेवलंय माझं. आता पत्ता तेवढा लिही."

शनिवारी संध्याकाळी दोन स्प्रिंगा निघाल्या. उरलेल्या दोन, शेजारीशेजारी.

रविवारी धाकटे काका बॅग घेऊन हजर. आजी पुढे झुकली, हातांवर भार दिला. बैठक तिच्या मागोमाग वर आली, सोबत चालणाऱ्या माणसासारखी. ती उभी राहिली. क्षणभर डुलली. पुढे झालेल्या धाकट्याचा हात तिने तसाच हवेत राहू दिला.

"आलाच आहेस तर चहा घे," असं म्हणून ती स्वयंपाकघराकडे निघाली.

बॅग रिकामी परत गेली. आजी त्या खुर्चीतून पुढे कित्येक वर्षं उठली, आणि एका दुपारी उठली नाही. त्यानंतर थोरल्या काकांनी त्या खुर्चीत कुणाला बसू दिलं नाही. स्वतःही बसले नाहीत. "माझ्या वजनाला नाही ती," एवढंच शास्त्रीय कारण द्यायचे.

ज्या सकाळी ते गेले, त्या सकाळीही बैठक दाबून झाली होती. काकू केर काढताना खुर्ची सरकवू लागल्या.

"ओढू नकोस ती," काका म्हणाले. "उचलून ठेव."