कुंपणाला लागलेले मासे

आमच्या गावात मोठा मासा मच्छीमार सोसायटीचा आणि बारीक मासा बायांचा. हे कुणी ठरवलं नाही, पण तसंच चालत आलं. तलाव कोहळी शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी बांधला; त्याचं पाणी त्यांच्या धानाला आणि मासा आम्हा ढिवरांना. रोहू-कतला गाडीत भरून गोंदियाला जातात. बारीक मासे आम्ही बाया टोपलीत घेतो आणि आठवडी बाजारात वाटे लावून विकतो. माझ्या घरचं तेल-मीठ त्यावर चालतं. म्हणजे चालायचं.

मग बारीक मासा सरत गेला. तलाव साफ राहील म्हणून सोसायटीने गवत खाणारा मासा आणून सोडला. आम्ही त्याला गवत्या म्हणतो. त्याने पाण्यातलं गवत मुळासकट फस्त केलं, आणि बारीक मासे अंडी घालायचे ते त्या गवतातच. जे उरले ते आम्हीच बारीक विणीच्या जाळ्यांनी उपसून काढले. बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, "छोटी मछली नहीं है क्या, बाई?" नाही नाही म्हणून तोंड दुखायचं.

शेवटी आम्ही बायांनी मनावर घेतलं. बारीक जाळी बंद, पावसाळ्यात मासेमारी बंद, आणि उन्हाळ्यात तलाव आटला की गाळात गवत लावायचं. सोसायटीच्या बैठकीत पुरुष खूप हसले, माझा नवरा सगळ्यांत जास्त. म्हणाला, "आता ढिवराच्या बाया तलावात धानाचा रोवणा करतीन!" हसा म्हटलं. पण रोज घरात कटकट कोण ऐकून घेणार? एकेक करून सगळ्यांची बारीक जाळी माझ्या अंगणात येऊन पडली.

उन्हाळ्यात गाळात उतरलो. आधी गाळात माजलेली बेशरमीची झुडपं उपटली. दुसऱ्या गावच्या तलावातून गवताची मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून डोक्यावरून आणली आणि ओणवं होऊन लावली. कुणी कौतुक केलं की मी हसते, पण खरं सांगते, त्या वर्षी धरलेली कंबर अजून सुटलेली नाही. पाणी चढल्यावर गवत्या हे सगळं खाऊन टाकणार, म्हणून भोवती कुंपण हवं होतं. अंगणात जाळी पडूनच होती. ती दुहेरी करून बांबूंना बांधली. फुकटात कुंपण झालं, आणि आम्हाला आमच्या हुशारीचं केवढं कौतुक!

आषाढात पाणी चढलं. एका सकाळी नवऱ्याने पारीवरून, तलावाच्या बांधावरून, हाक मारली, "इकडं ये वो, पाह्य तुया बगीचा."

कुंपणभर मासे लटकले होते. गवताच्या वासावर अंडी घालायला आलेले बारीक मासे, गाभोळीने पोट फुगलेले, कल्ल्यांपाशी अडकून मेलेले. काही अजून तडफडत होते.

"जाळं टाकाचं नाही मने! आन हे का होय?" नवरा म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

ढिवराच्या घरात जन्मलेल्या आम्ही, आणि पाण्यात उभं केलेलं जाळं मासे धरतं हे आम्हीच विसरलो. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. जाळी काढावी तर गवत्या गवत खाणार, ठेवावी तर पोटुशे मासे मरणार. मी तशीच चिखलात बसले.

नवराच पाण्यात उतरला. त्याने गाठी कापल्या, जाळी काढून काठावर फेकली आणि बांबू फाडायला बसला. "बोट जाईल येवढीच फट ठेवाची. बारीक मासा आत जाते, गवत्याचं डोस्कं अडकते." दिवसभर कुरकुरत त्याने कमच्या बांधल्या. मी हाताखाली होते. दोन शब्द चांगले बोलायला हवे होते, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

श्रावणात गवतात पिल्लं दिसली, पाण्यात मोहरी सांडल्यासारखी. मी पारीवर बसून रडले. आनंद होता की थकवा, काय माहीत, दोन्ही असतील.

त्याच संध्याकाळी बाया अंगणात आल्या. माझ्यासोबत गाळात राबलेल्याच.

"मासे आले ना आता? मंग आमचे जाळे कायले ठेवून राहिली?"

"लहान हायेत वो. मोठे होऊ द्या. एक डाव त्याईले अंडी घालू द्या."

"तवरक पोराईले का गवत खाऊ घालू?"

त्यांचं चूक नव्हतं. माझीही टोपली उलटी पडून होती. मागून नवरा म्हणाला, "बरोबर बोलून राहिल्या त्या. आपलं जाळं बी काढ."

भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. मी विळा घेतला आणि तलावावरून परत आणलेल्या जाळ्यांच्या ढिगातून आमच्या घरचं जाळं ओढलं. मजुरीवरून आल्यावर बसून नवऱ्याने ते अख्खा हिवाळा विणलं होतं. मी ते मधोमध कापलं, मग पुन्हा कापलं. झाल्यावर विळा बायांपुढे धरला. कुणी तो घेतला नाही. पण जाळंही कुणी मागितलं नाही; एकेक करून सगळ्या निघून गेल्या. नवरा मात्र त्या दिवशी जेवला नाही.