सहा व्होल्ट आणि ताईचा उजवा हात

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात खांद्याएवढा वर येत नाही. गेल्या वर्षी त्या बाजूला छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, काखेतल्याही गाठी काढाव्या लागल्या. आजार हटला, हात तेवढा अडून बसला. केस ती डाव्या हाताने विंचरते, फळीवरचा डबा शेजारणीकडून काढून घेते. गावातल्या बायका बोलताना तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून हाताकडे बघतात, तेही ती चालवून घेते. तिची तक्रार एकच होती. स्कूटरवरून उजवीकडे वळताना हात दाखवता येत नाही.

स्कूटर जुनी, हाताने गिअर टाकायची, सहा व्होल्टची. घेतली भावोजींनी, पण चालवली जास्त ताईनेच. हायवेवरच्या खांब गावापासून आत तिचं सासर आणि रोह्याला शाळा, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं ती हिच्यावरूनच गेली-आली. भावोजी गेले, ती रिटायर झाली, गाडी मात्र राहिली. इंडिकेटर भावोजींनी मागाहून हौसेने बसवून घेतले होते, पण ताईने त्यांना कधी हात म्हणून लावला नाही. वळायचं असलं की ती उजवा हात असा काढायची की मागचा ट्रकवाला निमूट थांबायचा. वर्गातली पोरं गप्प करायची तिला सवय, त्यात ट्रकवाला काय.

भाचा पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, हायवेवर हात न दाखवता वळणार कशी? गाडी देऊन टाक. जुन्या गाड्यांचा एक शौकीन मागतोय, दिवाळीत येऊन नेईल." त्याचं काही चुकत नव्हतं. नवी बिनगिअरची घेऊन देतो, हेही तो बोलला. ताई म्हणाली, "नव्या गाडीचे दोन्ही ब्रेक हातात. माझा हात सुजतो, दाबायचे कोणी? हिचा मागचा ब्रेक पायात हाय." मग जरा थांबून म्हणाली, "हात नाय तर दिवा दाखवीन. इंडिकेटर लावून बघितले, धड लागत नायत. दिवाळीपर्यंत चालू झाले नाय, तर खुशाल ने गाडी." तिकडचा फोन ठेवला आणि मला लावला. "तू इलेक्ट्रिशियन ना? मग ये."

मी इलेक्ट्रिशियन खराच. पेणला राहून डोलवीला कंपनीत मेन्टेनन्सला आयुष्य काढलं. माणसाएवढ्या मोटारी खोलल्या आणि जोडल्या. सहा व्होल्टची बॅटरी म्हणजे माझ्या लेखी खेळणं. दुपारच्या जेवणाआधी उरकतो, असं बायकोला सांगून रविवारी निघालो.

गाडी बघितली आणि बघतच राहिलो. ताईचा एक जुना विद्यार्थी पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. तो तिच्या तब्येतीची चौकशी करायला आला होता, तेव्हा पडवीत धूळ खात पडलेली गाडी त्याने पाहिली. "बाई, यंदा गणपती गेले की हिला माझ्याकडे द्या," म्हणाला. गणपती गेल्यावर कारखान्याला थोडी उसंत असते. मूर्ती पोचवणाऱ्या टेम्पोतून त्याने गाडी नेली आणि त्याच टेम्पोतून परत आणून दिली. मोरपिशी रंग, त्यावर मूर्तीच्या शेल्याला देतात तशी मोत्याची झाक. कुठे ओघळ नाही की फुगवटा नाही. ताई पदराच्या टोकाने तिच्यावरची धूळ टिपत होती, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती.

किल्ली फिरवून उजवा इंडिकेटर लावला. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे लागले, पण देव्हाऱ्यातल्या समईसारखे, मंद. आणि लागले ते लागलेच, उघडझाप नाही. डावीकडे तेच.

आता यात फार अक्कल लागत नाही. त्या गाडीत उघडझाप करणारी एक छोटी डबी असते, फ्लॅशर. तिच्यातून करंट गेला की आतली पट्टी तापते, वाकते, दिवा जातो. थंड झाली की परत लागतो. उघडझाप नाही म्हणजे डबी गेली, असं मी ठरवूनच टाकलं. रोह्याच्या दुकानदाराने बारा व्होल्टची डबी हातावर ठेवली. मी सहाची मागितली तर म्हणतो, "काका, सगळं सारखंच असतं." मी म्हटलं, "तुझ्या घरात ट्रकचा हॉर्न लाव मग, सारखाच असतो." तिथे काही मिळेना. शेवटी मुंबईहून ओळखीने सहाची मागवली आणि पुढच्या रविवारी बसवली. दिवे मंदच. उघडझाप नाहीच.

बल्ब बदलले. बॅटरी नवी आणली. स्विच खोलून घासला. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. इंजिन चालू करून रेस दिली की दिवे थोडे उजळायचे, एखादी उघडझाप व्हायची आणि परत आहे ते आहेच. दर रविवारी पेण ते खांब, खांब ते पेण. हायवेचं काम अजून सुरूच, धुळीने माझी मिशी पांढरी. बायको म्हणाली, मिशी आधीच पांढरी होती. जेवणाआधी उरकणार होतो, ते दिवाळी तोंडावर आली.

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. पाना अंगणात फेकला आणि म्हणालो, "दे गो ताई ही गाडी त्या शौकिनाला. त्याला दिवे नकोत, दिवाणखान्यात ठेवायला हवीय. तुला तरी या वयात हायवेवर कशाला जायचंय?"

ती माझ्यावर खेकसली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने जुनी चादर आणली आणि एका हाताने गाडीवर घालायला लागली. एका हाताने चादर नीट पडेना. एक टोक ओढलं की दुसरं सरकायचं. मी उठून मदत करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. जमेल मला." मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही. लहानपणी मला शाळेत हाताला धरून नेणारा हात तोच होता.

अर्ध्या ताटावरून उठून मी चादर परत काढली. या वेळी डोकं थंड ठेवून बसलो. गाडीत वायर एकच जाते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. दिव्याचा पत्रा, बोल्ट, बॉडी, तिथून बॅटरी. जायची वायर मी दहादा बघितली होती, परतीचा रस्ता गृहीत धरला होता. एक सुटी वायर घेऊन तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं मागच्या उजव्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. दिवा भपकन उजळला आणि टिक टिक सुरू झालं. वायर उचलली की परत समई. टेकवली की टिक टिक. ताई ओट्यावर बसून बघत होती. ती उठून जवळ आली.

दिव्याचा बोल्ट काढला. बोल्टाच्या आट्यांत रंग. वॉशरखाली रंग. बॉडीला जिथे पत्रा घट्ट बसायचा तिथे तर मोरपिशीचे दोन हात आणि वर मोत्याची झाक. रंगातून करंट धड जात नाही. बारा व्होल्टच्या गाडीत असली अडचण थोडीफार खपून जाते. सहा व्होल्टला मुळात जोरच निम्मा, वाटेत कोणी आडवं आलं की संपलं. आणि रंगाआधी दिवे नीट लागत होते की नाही, हे कोणाला कळणार तरी कसं, तेव्हा ताईने ते कधी लावलेच नव्हते.

मी जोह्याला त्या रंगवाल्याला फोन लावला. ताई शेजारीच उभी होती, म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"अरे, तू दिव्यांच्या खाली, बोल्टाच्या भोकातसुद्धा रंग मारलास का?"

"व्हय काका. सगळं खोलून मारला," तो अभिमानाने म्हणाला. "आमच्यात कच्ची जागा ठेवत नाय. मूर्तीची पाठ भिंतीकडे असली तरी रंगवतो. कोण बघत नाय म्हणून सोडली, तर माझ्या जिवाला लागतं. त्यात बाईंची गाडी."

रंगाने करंटचा परतीचा रस्ता बंद झालाय, तो रंग खरवडावा लागेल, एवढंच सांगितलं. ताईच मध्ये मला म्हणाली, "नको रे खरवडू. त्याने इतकं जीव लावून केलंय. ते वायरीनेच काय ते कर."

वायरीने झालंही असतं. पण लोंबती वायर आज ना उद्या तुटणार, आणि तुटली तर हायवेवरच तुटणार. मी तसं म्हणालो. तेव्हा फोनमधून तो म्हणाला, "खरवडा, काका. मूर्तीचे डोळे तर आम्ही सगळ्यात शेवटीच काढतो. बाईंच्या गाडीचे ऱ्हायले होते, असं समजा." ताईने मान हलवली आणि मी पॉलिश पेपर घेतला.

चारही दिव्यांखाली वॉशरएवढी जागा लखलखीत होईतो घासली, आट्या साफ केल्या, थोडं ग्रीस लावून परत आवळलं. वरून काहीही दिसत नव्हतं. किल्ली फिरवली. उजवीकडे टिक टिक. डावीकडे टिक टिक. ताईने भाच्याला फोन केला नाही. तिने पायात चपला घातल्या आणि हेल्मेट घेतलं.

ती पुढे स्कूटरवर, मी मागे मोटारसायकलवर. कोलाडपर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो. परतताना खांबला दुभाजक तोडलाय तिथून तिला उजवीकडे वळायचं होतं. माझ्या मागून एक ट्रेलर येत होता. तिचा उजवा हात सवयीने हँडलवरून सुटला, कमरेपाशी आला आणि परत हँडलवर गेला. मग उजवा दिवा लागला. भर उन्हातही त्याची उघडझाप मला स्वच्छ दिसत होती. आरशात बघितलं तर ट्रेलरचा वेग उतरला होता. ताई मधल्या जागेत शिरली, समोरची वाहतूक जाऊ दिली आणि वळली.

असले इंडिकेटर आपोआप बंद होत नाहीत, आपणच करायचे असतात. गावात शिरलो तरी तिचा उजवा दिवा चालूच. मी हॉर्न वाजवला. पारावर बसलेले म्हातारे बघायला लागले, दारात भात पाखडणाऱ्या बायका सूप धरून थांबल्या. मी परत हॉर्न वाजवला. रस्ता सरळ होता आणि ती सगळ्या गावातून टिक टिक करत चालली होती.

घरासमोर गाडी लावली तेव्हा मी म्हणालो, "ताई, इंडिकेटर बंद करायचा राहिला तुझा."

"ऱ्हायला नाय," ती म्हणाली. "वर्षभर सगळी माझा हात बघत होती. आज दिवा बघू देत."