लिफ्टवाल्याच्या घरातला क्लाउड

मिस्त्रींचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनखोल्या त्यांना पाठ होत्या. निवृत्त झाल्यावरही रस्त्याने जाताना कुठे दरवाजा कुरकुरल्याचा आवाज आला की त्यांची मान आपोआप वळायची. माणूस कामात जेवढा चोख, तेवढाच बोलण्यात काटकसरी. घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. लेक शिकून दूरदेशी नोकरीला गेली, तेव्हा फोनही बायकोच घ्यायची. तासभर दोघींचं काय काय चालायचं. मिस्त्री मागून एवढंच ओरडायचे, "बरी आहेस ना गं ठमे?" तिकडून "हो बाबा!" आलं की त्यांचं बोलणं झालं.

मग बायको गेली, आणि फोन मिस्त्रींच्या हातात आला.

लेक दर रविवारी न चुकता फोन करायची. इकडे दिवेलागण झालेली असायची, तिकडे तिची दुपार. "जेवलात का?" "जेवेन आता. तू?" "झालं." "काम?" "चालू आहे." एवढं झालं की दोघंही पडद्यावर एकमेकांकडे बघत बसायची. ठमी लहानपणापासून बडबडी, म्हणून तर आईने तिला ठमी म्हणायला सुरुवात केली होती. पण आईशिवाय तिचीही गाडी पुढे सरकत नव्हती. शेवटी कोणीतरी "बरं मग" म्हणायचं आणि पडदा काळा व्हायचा. त्या काळ्या पडद्यात मिस्त्रींना स्वतःचंच तोंड दिसायचं. मग आठवायचं, अरे, गुडघ्याचं सांगायचं राहिलं, आणि तिच्या नव्या घराला खिडक्या किती तेही विचारायचं राहिलं.

एका रविवारी त्यांनी सगळा धीर एकवटून विचारलं, "ठमे, तू नक्की काय काम करतेस गं?"

"सांगितलं होतं की. प्लॅटफॉर्मवर काम करते."

"स्टेशनावर असतो तो?"

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "नाही हो बाबा. समजा कोणीतरी एक प्रोग्रॅम लिहिला. तो लोकांनी वापरायचा तर कुठेतरी चोवीस तास चालत राहायला हवा ना? ते काम आमचा प्लॅटफॉर्म करतो. प्रोग्रॅम त्याच्या हवाली करायचा. मग तो दूरच्या मोठ्या मोठ्या मशीनवर नेऊन चालवतो. गर्दी झाली की आणखी प्रती उभ्या करतो. एखादी कोसळली की दुसरी उठवतो."

"आणि तुम्ही त्यात फेरफार करता तेव्हा? लोक वापरत असतानाच?"

"छे! आधी आपल्या मशीनवर सगळा प्लॅटफॉर्म छोट्या प्रमाणात उभा करायचा. एका लॅपटॉपमध्ये अख्खा क्लाउड. तिथे मोडतोड करायची. चाललं तर पुढे. तुम्ही नाही का, माणसं बसायच्या आधी रिकामी लिफ्ट वरखाली फिरवून बघायचात?"

मिस्त्री ताठ बसले. हे त्यांना कळलं होतं. "मग मला उभा करता येईल तो?"

"तुम्हाला? कशाला?"

"सहज. वेळच वेळ आहे."

तिला आठवलं. "माझा जुना लॅपटॉप आहे ना कपाटात? कॉलेजचा? तो चालू होतोय का बघा."

लॅपटॉप चालू झाला. कुरकुरत, पंख्याचा घरघराट करत, पण झाला. ए आणि एस या अक्षरांची बटणं पार गुळगुळीत झाली होती. मिस्त्रींनी त्यांवरून बोट फिरवलं आणि मऊ फडक्याने सगळा कीबोर्ड पुसून काढला. ठमीने पाठवलेलं मार्गदर्शन त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बैठक मारली.

समोरच्याच फ्लॅटमध्ये त्यांची थोरली बहीण राहायची. आक्का. दुपारी ती डोकावली. "काय रे, त्या डबड्यात काय शोधतोयस?"

"क्लाउड उभारतोय."

"म्हणजे ढग?"

"तसंच काहीतरी."

"बरं. ढग झाला की खिडक्या लाव, माझे कपडे वाळत आहेत," म्हणून आक्का निघून गेली.

काम काही सोपं नव्हतं. आधी डब्यांची व्यवस्था बसवायची, म्हणजे ज्यांत प्रोग्रॅम बंद करून चालवतात ते कंटेनर. मग त्या डब्यांवर देखरेख ठेवणारा मुकादम. मग प्लॅटफॉर्मचे स्वतःचे आठदहा भाग, आणि प्रत्येक भाग दुसऱ्याची वाट बघत बसलेला. एक अक्षर चुकलं की पडदाभर लाल ओळी. मिस्त्री लाल ओळींना घाबरणारे नव्हते, पण त्या वाचायला त्यांना चष्मा, भिंग आणि शब्दकोश असे तिन्ही लागायचे. मेमरी अपुरी पडली तेव्हा त्यांनी गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून जादा मेमरी आणली आणि लॅपटॉपचं पोट उघडून स्वतःच बसवली. स्क्रू एकही उरला नाही, याचा त्यांना मनातून फार आनंद झाला.

आणि रविवार बदलले. आता फोनवर विषय होता.

"बाबा, ती शेवटची ओळ वाचून दाखवा."

"नॉट रेडी."

"त्याच्या वर काय आहे?"

"तेच. सगळेच म्हणतायत नॉट रेडी. तुझ्या शाळेच्या सहलीची सकाळ आहे नुसती."

ती खो खो हसायची. मग आपल्याच मशीनवर तेच करून बघायची. मध्येच सांगायची की तिच्या टीममधला एक जण अगदी असाच अडकला होता, की तिच्या साहेबीणबाईंना मांजरं फार आवडतात, की तिला कधी कधी तिथे फार एकटं वाटतं. हे शेवटचं ती ओळी वाचता वाचता, तोंड वर न करता बोलून गेली. मिस्त्रींनी ऐकलं. ते म्हणाले, "हं. मग ही पुढची ओळ बघ."

हळूहळू एक गोष्ट घडू लागली, आणि ती त्यांनी आक्कालाही सांगितली नाही. बऱ्याच अडचणींची उत्तरं त्यांना आठवड्याच्या मधेच सापडायची. पण ते ती लावायचे नाहीत. रविवारसाठी अडचण तशीच राखून ठेवायचे.

एक अडचण मात्र खरीच निघाली. सगळे भाग उभे राहिले, पण प्लॅटफॉर्मचा मुख्य दरवाजा उघडेना. पडदा सांगत होता, हा पोर्ट आधीच वापरात आहे.

"म्हणजे त्या दारात दुसराच कोणी प्रोग्रॅम येऊन बसलाय," ठमी म्हणाली. "पण कोण असेल? ब्राउझर उघडा आणि मी सांगते तो पत्ता टाका. आपल्याच मशीनचा पत्ता आहे. कोण आहे ते दिसेल."

मिस्त्रींनी एक एक अक्षर टाइप केलं. पान उघडलं. भडक पिवळा रंग, वर वेडावाकडा मथळा: आज भांडी कोण घासणार? आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द.

आई.

"काय दिसतंय बाबा?"

 मिस्त्रींनी फोन उलटा करून कॅमेरा लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला. 

ठमीने लिहिलेला तो पहिलावहिला प्रोग्रॅम होता. घरात तिघं, भांड्यांवरून रोजचा वाद. म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिने हे पान केलं होतं. रोज तारखेप्रमाणे एक नाव, आई, बाबा, मी. लॅपटॉप सुरू झाला की ते आपोआप सुरू व्हायचं. स्वतःच्या नावाच्या दिवशी ती हटकून म्हणायची की प्रोग्रॅममध्ये बिघाड आहे, आणि तिची आई म्हणायची, "मग आधी तो दुरुस्त कर, नाहीतर भांडी घास." लॅपटॉप इतकी वर्षं कपाटात बंद होता. त्याला कोणी कळवलं नव्हतं की घरात आता एकच माणूस आहे. तो उठला आणि त्याने तारीख बघून पाळी लावली.

"आज आईची पाळी," ठमी म्हणाली. 

"हो."

"बाबा, तो बंद केला की पोर्ट मोकळा होईल. एक कमांड आहे."

"माहीत आहे. मार्गदर्शनात दिलीय."

 लॅपटॉपचा पंखा घरघरत होता.

"बंद नको करायला," मिस्त्री म्हणाले.

"नको," ती लगेच म्हणाली. "प्लॅटफॉर्मलाच दुसरा पोर्ट देऊ. एका फायलीत एक आकडा बदलायचा. सांगते."

आकडा बदलला, आणि दार उघडलं. ठमीने दिलेला नमुन्याचा प्रोग्रॅम मिस्त्रींनी प्लॅटफॉर्मच्या हवाली केला. ओळी सरसर वर गेल्या, एकही लाल नव्हती, आणि पडद्यावर आलं: तुमचा प्रोग्रॅम चालू आहे. तिने एक प्रत मुद्दाम पाडायला सांगितली. मिस्त्रींनी पाडली. पापणी लवते न लवते तोच दुसरी उभी राहिली.

"जमलं बाबा!" ती तिकडे खुर्चीतून उठून नाचली. "आमच्याकडे नवीन येणाऱ्यांनासुद्धा जड जातं हे!"

मिस्त्री हसले, पण त्यांची नजर कॅलेंडरातल्या पुढच्या रविवारवर गेली.

पुढचा रविवार आला. "जेवलात का?" "जेवेन आता." "प्लॅटफॉर्म?" "चालतोय." "छान." आणि मग तेच, एकमेकांकडे बघत बसणं. "बरं मग," ती म्हणाली. तिलाही ते म्हणायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पडदा काळा झाला.

त्या आठवड्यात मिस्त्रींचं कशात लक्ष लागेना. आक्काकडे जेवायला बसले तरी घास हातातच राहायचा. आक्का म्हणाली, "ढगाने पाणी पाजलं वाटतं." त्यांना हसू आलं नाही. ते घरी आले, लॅपटॉप उघडला आणि महिनोन् महिने खपून उभा केलेला प्लॅटफॉर्म एकेक भाग करत काढून टाकला. पिवळ्या पानाला तेवढा हात लावला नाही.

रविवारी त्यांनी सांगितलं, "चालत नाहीये."

"असं कसं? परवा तर चालत होता. काय एरर आहे?"

"एरर नाही. काहीच नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

ठमीने कपाळाला आठ्या घातल्या. या कामात तिची उभी हयात नाही तरी बरीच वर्षं गेली होती. "बाबा. आपोआप सगळं नाही जात. कोणीतरी काढावं लागतं."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी काढलं."

"पण का?"

"मग रविवारी बोलायचं काय?"

तिने ओठ आवळून धरले. "बोलायला कारण लागतं का हो?"

"तुला नाही लागत. तुझ्या आईला नव्हतं लागत. मला लागतं. मला येत नाही गं तसं नुसतं बोलायला. पाना-पकड हातात असली की बोलता येतं." मग ते म्हणाले, "तुझी फार आठवण येते, ठमे. तू असतेस फोनवर, तेव्हाही येते."

एवढं लांबलचक बोलणं तिने बापाच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. ती रडली, मग नाक पुसलं, मग म्हणाली, "मलापण. तुम्ही मागून ओरडायचात ना, बरी आहेस ना म्हणून, ते कोणी ओरडत नाही आता." आणि थोड्या वेळाने, "चला. मार्गदर्शन काढा. पहिली ओळ. या वेळी मी उत्तर सांगणार नाही."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. प्लॅटफॉर्मची नवी आवृत्ती आली की मिस्त्री जुनं काढतात आणि कोऱ्या पाटीवरून पुन्हा सुरुवात करतात. कुठे अडलं ते ठमी टिपून घेते. वर्षाअखेरीला ती येणार होती. मिस्त्रींनी तिच्या खोलीला रंग दिला, गादी उन्हात घातली. मग आवृत्तीची तारीख पुढे ढकलली गेली आणि तिची सुट्टी त्यात गेली. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की," ती म्हणाली. मिस्त्री "बरं" म्हणाले. गादी त्यांनी घडी करून परत ठेवली, आणि दोन दिवस त्या खोलीचं दार बंद ठेवलं.

मागच्या रविवारी डब्यांचा मोठा गठ्ठा उतरून यायचा होता आणि इंटरनेट मुंगीच्या चालीने चाललं होतं. फोन टेबलावर भांड्याला टेकवून ठेवलेला. तिकडे ठमी काहीतरी चिरत होती, सुरीचा टक टक आवाज येत होता. मध्येच ती गुणगुणायची. बराच वेळ कोणी काही बोललं नव्हतं, आणि कोणाला काही बोलावंसं वाटतही नव्हतं. मिस्त्री खुर्चीत रेलून सरकणाऱ्या पट्टीकडे बघत होते.

आक्काने दार लोटून डोकं आत घातलं. "चल रे, जेवण गार होतंय."

"तू हो पुढे," मिस्त्री मान न वळवता म्हणाले. "ठमी घरात आहे."

बोलून गेल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं. फोनमधला सुरीचा आवाज थांबला होता. आक्काने दार हलकेच ओढून घेतलं. थोड्या वेळाने टक टक पुन्हा सुरू झाली.