भुतांची सहल आणि अण्णांचा कावळा

गेल्या वर्षी आम्ही सहकुटुंब भुतं बघायला जायचं ठरवलं. लोक केरळला जातात, मनालीला जातात, अगदीच हात आखडता असेल तर सापुताऱ्याला एक चक्कर मारून येतात. आमच्या घरात मात्र गार्गीने जेवताना मोबाइल ताटांच्या मधोमध ठेवला आणि जाहीर केलं की ज्या शहरांत भुताखेतांच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत, तिथली सहल करायची हल्ली फॅशन आहे. तिच्या मैत्रिणी जाऊन आल्या होत्या. (जशाच्या तशा परत आल्या का, हे मी विचारलं नाही.)

गार्गी माझी मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा बेत तयारच होता. आधी कोलकाता, तिथले ओसाड बंगले आणि इंग्रजांच्या काळातली कब्रस्तानं. मग वर डोंगरात कर्सियांग, जिथल्या रानात म्हणे एक बिनमुंडक्याचा मुलगा हिंडतो. परतताना लखनौ. मी घास तोंडात तसाच धरून बसलो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मी भित्रा आहे. थोडाथोडका नाही, चांगला मुरलेला भित्रा. सातपूरच्या कारखान्यात अख्खी शिफ्ट माझ्या शब्दावर चालते, पण घरातली वीज गेली की मी आधी बायकोला हाक मारतो आणि मग मेणबत्ती शोधतो. (म्हणजे तीच शोधते.) हे गुपित फक्त वैशालीला, म्हणजे त्या बायकोलाच, माहीत आहे. गार्गीला आपला बाप कशालाच भीत नाही असं वाटतं, आणि तिचा हा गैरसमज मी फार जपलेला आहे. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी पाणी प्यायलो आणि शक्य तितक्या बेफिकिरीने म्हणालो, "माझी काही हरकत नाही बुवा. पण आजीला विचार."

माझी सगळी भिस्त आईवर होती. निफाडकडच्या खेड्यात वाढलेली माझी आई अमावस्येला कुणाला प्रवासाला निघू देत नाही, तिन्हीसांजेला केस विंचरू देत नाही आणि घरात भूत हा शब्द उच्चारला तर आधी त्याच्या नावाने थुंकते. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तर तिचं सगळंच कडक झालं होतं. गार्गी आजीच्या खोलीत गेली आणि मी तिचा पडलेला चेहरा बघायला तयार होऊन बसलो.

बाहेर आली ती आई. हातात अर्धवट वळलेली वात तशीच होती.

"दिलीप, मी बी येनार," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं तेवढं तेल घेऊन ठेव."

वैशालीने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून ती स्वयंपाकघरात निघून गेली. ती दुःखाने गेली नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला तोड नाही. आई गार्गीला रोज समोर बसवून चौकशी करू लागली. तिथली भुतं नुसती दिसतात की बोलतात? बोलतात तर कुठल्या भाषेत? बंगालच्या भुताला आपलं मराठी कळेल का? कर्सियांगचा तो बिनमुंडक्याचा मुलगा तिने पहिल्याच दिवशी बाद केला. तो काय कामाचा, बोलणार कशानं, असा तिचा रोखठोक सवाल होता. कब्रस्तानातल्या इंग्रजांशी गार्गीने बोलायचं ठरलं, लखनौच्या भुतांशी वैशालीने, कारण ती शाळेत हिंदी शिकवते. मला कुणी काही काम दिलं नाही. मी फक्त घाबरायचं होतं, आणि ते मी केव्हाच सुरू केलं होतं.

मग तारखांचा घोळ झाला. गार्गीने भाऊबीज झाल्यावर आठवडाभराने निघायचं ठरवलं होतं. आईने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, चष्मा लावला आणि ती तारीख रद्द केली. एवढा शुक्ल पक्षाचा लख्ख चंद्र असताना कोण बाहेर पडणार आहे, असं तिचं म्हणणं. तिला पुढची अमावस्या हवी होती! जी बाई अमावस्येला मला पंचवटीपर्यंत स्कूटर नेऊ देत नव्हती, ती मला अमावस्या गाठून थेट कोलकात्याच्या कब्रस्तानात नेऊन उभी करणार होती.

मी आपल्या परीने बंदोबस्त सुरू केला. एका कागदाच्या पुडीत अंगारा बांधून बॅगेच्या कप्प्यात ठेवला. मारुतीचा एक ताईत बनियनच्या आत अडकवला. आईने दोन्ही शोधून काढले. (पोलिसांनी तिला कामावर घ्यायला हवं होतं.) मला वाटलं, आता तरी ती म्हणेल की शहाण्यासारखं वागलास. तिने ताईत तुळशीपाशी नेऊन ठेवला आणि मला झापलं.

"हे घालून गेल्यावर कोन जवळ येईल का आपल्या? सगळा हेलपाटा वाया जाईल ना."

इतके दिवस मी भुतांना घाबरत होतो. त्या दिवसापासून आईला घाबरू लागलो. आणि या वयात तिच्या मनावर काही परिणाम झाला असेल, ही शंका आली तेव्हा मात्र मला खरोखरच वाईट वाटलं. अण्णा गेल्यापासून ती रडली अशी फारशी नव्हतीच. गप्प गप्प असायची. आता बोलायला लागली तर हे असं.

शेवटी मी शांताआत्याला बोलावलं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. देवळाली कॅम्पला राहते. तिचे यजमान मिलिटरीत होते, त्यामुळे आवाज परेडचा आहे. ती बसमधून उतरली तीच मीठ-मोहऱ्या आणि वाळक्या मिरच्यांची पुडी घेऊन. घरात पाऊल टाकताच तिने आईची दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्याने आम्ही सगळे खोकलो, आईला काही झालं नाही.

"वहिनी, या वयात भुतं बघायची कसली हौस लागली तुम्हाला?" आत्याने विचारलं.

"बघायची नायत मला, वन्सं," आई म्हणाली. "मला त्यांना विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"तुमच्या भावाला कुठं पाहिलंय का."

आत्याची मिरच्यांची पुडी हातातच राहिली. मी इतका हादरलो की भीतीसुद्धा विसरलो.

मग आई बोलली. तिने दोन वर्षं मनात कोंडून ठेवलेलं एका दमात सांगितलं. अण्णांच्या दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर जमलो होतो. पिंड ठेवला आणि ठेवल्याबरोबर कावळा शिवला. असं झालं की माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं समजतात. गुरुजी म्हणाले, पुण्यवान आत्मा. भाऊबंद म्हणाले, सुटले बिचारे. सगळ्यांची तोंडं उजळली. आई मात्र पायऱ्यांवर बायकांमध्ये बसून ते बघत होती.

"मला काय वाटलं ते कुनी इचारलं का?" आई म्हणाली. "सगळा जन्म ह्यांच्या संगं काढला मी. आन मानसाची एक बी इच्छा राहू नये? मी मागं राहिले, एवढं तरी राहायला नको व्हतं का? दुसऱ्यांचे कावळे बघा, घंटा घंटा अडून बसत्यात. आमचा आला तो लगीच. जसं काय सुटायचीच घाई व्हती. त्यानंतर एकदा सपनात बी आले नायत. मला नुसतं कळायला पायजे, मी त्यांच्या ध्यानात तरी हाय का नाय."

आत्या मटकन खाली बसली. वैशालीने डोळे पुसले, गार्गी आजीला चिकटली. आणि याच हळव्या क्षणी माझ्या डोक्यात विचार आला की आईची समजूत पटली तर सहल रद्द होईल. (माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतो, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो.)

मी तिला समजावलं की रामकुंडावरच्या कावळ्यांना कुणाच्या इच्छेशी काही देणंघेणं नाही. आमच्याकडे सातपूरला पीस-रेटवरचे कामगार असतात ना, तसे ते कावळे. जेवढे पिंड तेवढी कमाई. समोर अण्णा आहेत की आणखी कुणी, ते बघायलासुद्धा त्यांना वेळ नसतो. आई ऐकेना. मग मी म्हणालो, उद्या सकाळी चल, डोळ्यांनी बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रामकुंडावर बाजूच्या पायरीवर उभे राहिलो. लोक आपापल्या दुःखात, आणि आम्ही आपले कावळे तपासायला आलेलो. पहिला पिंड ठेवला, कावळा हजर. दुसरा नीट ठेवूसुद्धा दिला नाही, हातातूनच उचलला. मी आईकडे विजयी मुद्रेने बघितलं. म्हणालो, "बघ, कसली इच्छा अन् कसलं काय." आईचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा वाटला. मनातल्या मनात मी तिकिटं रद्द केलीसुद्धा.

तिसऱ्या पिंडाला कावळा शिवेना.

आधी मला वाटलं, पोट भरलं असेल. पण ते तिथेच कठड्यावर रांगेने बसले होते, पिंडाकडे बघत होते आणि हलत नव्हते. त्या घरातली माणसं मागे सरली. कुणी म्हणालं, त्यांना भजी आवडायची, भजी आणा. भजी आली. एका कावळ्याने मान वाकडी करून भज्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. माझा सगळा सिद्धांत समोर पाण्यात चालला होता. आणि भरदिवसा, एवढ्या गर्दीत, तिथे खरंच कुणीतरी अडून बसलंय असं मला वाटू लागलं. मी नकळत आईचा पदर धरला.

त्या माणसांमध्ये एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा मुलगा पुढे झाला. त्याने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "पप्पा, मम्मीला एकटं ठेवणार नाही. माझ्याकडेच राहील ती." शब्द तोंडातून पडतात न पडतात तोच कठड्यावरचा एक कावळा उडाला आणि पिंडावर येऊन बसला. ती बाई तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

आई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग सावकाश माझ्याकडे वळली.

"दिलीप, तू काय बोलला व्हता रे? ह्यांच्या वक्ताला?"

मी सांगितलं. खरं म्हणजे मला त्या दिवशी काही बोलायची शुद्धच नव्हती. समोर अण्णांचा आत्मा आहे या कल्पनेनेच माझी गाळण उडाली होती. पिंड ठेवल्याबरोबर मी डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात सुचेल तसं बोलत सुटलो होतो. अण्णा, आईची काळजी करू नका. तिला काही कमी पडू देणार नाही. ती जे म्हणेल ते करीन. जिथे म्हणेल तिथे घेऊन जाईन. पण आता या. डोळे उघडले तेव्हा कावळा आलेला होता.

आई पायरीवर बसली. "म्हंजे माझ्यातच जीव अडकला व्हता," ती म्हणाली. "तू शब्द दिला, तवा सुटले." ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला असं मोकळं रडताना बघितलं. मीही रडलो. अण्णांचा कावळा लवकर आला तो सुटायच्या घाईने नाही, हे तिला कळलं, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

घरी निघताना रिक्षात बसल्यावर मी अगदी सहज, इकडचं तिकडचं बोलावं तसं म्हणालो, "मग आता भुतांना विचारायला जायची काही गरज राहिली नाही, नाही का?"

"विचारायला नाय," आई म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं. "पन जिथं म्हनेल तिथं नेईन, असा तू त्यांना शब्द दिलाय ना? मला कलकत्ता पाहायचंय. ते बिनमुंडक्याचं बी दाखव. आन अमावस्या चुकवू नको."

मृत वडिलांना दिलेला शब्द मोडायला छाती लागते. ती माझ्याकडे असती तर हा सगळा प्रकार घडलाच नसता. तिकिटं मीच काढली. खालचा बर्थ आईला, वरचा गार्गीला, समोरचा वैशालीला आणि मधला माझ्यासाठी मागून घेतला. कंबर दुखत असताना मधला कशाला, असं गार्गीने विचारलं. तिथून तुम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं, असं मी तिला सांगितलं. खरं कारण असं, की त्या जागेवर वरून काही आलं तर आधी गार्गी लागते, आणि खालून काही आलं तर आई.