कुणी न वाचलेला अंक

सुपरहिरोचा नवा पिक्चर येणार अशी बातमी आली की माझ्या डोक्याला ताप सुरू होतो. वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. मोबाइल नव्हते तेव्हा तिथंच मी कॉमिक्स भाड्यानं द्यायचो. पुढं तो धंदा बसला आणि कॉमिक्स पत्र्याच्या पेटीत गेली. मी विसरलो, पण लोक विसरू देईनात. अमक्या हिरोचा पिक्चर निघाला आणि त्याच्या जुन्या अंकाला शहरात कायच्या काय भाव आला, असं कुणीतरी मोबाइलवर बघायचं. मग शेजारचा दाढी-कटिंगवाला सुरू व्हायचा, "पेटीत सोनं घिऊन बसलाव तुमी. कावून इकत न्हाईत?" ऐकून ऐकून कान किटले.

खरं सांगायचं तर हाव मलाही सुटली होती. माझे गुडघे गेलेत. सकाळी शटर वर ढकलताना तोंडातून 'आई गं' निघतंच. पेटीतून एकरकमी काही हाती आलं तर दुकान कायमचं बंद करून घरी बसायचं, एवढंच मनात होतं. बायकोलाही तसं सांगून ठेवलं होतं.

शेवटी कटिंगवाल्यानंच पेटीचे फोटो काढून कुठंतरी टाकले आणि पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. जुने अंक जमवणारा होता. म्हणाला, "काका, सध्या एका पिक्चरची घोषणा झालीये. तो लागायच्या आत विका. एकदा लागला की सगळेच आपापल्या पेट्या उघडतात आणि भाव पडतो." मला पटलं. आमच्याकडं तुरीचंही असंच होतं.

रविवारी तो आला. पेटीसमोर बसून त्यानं पांढरे हातमोजे चढवले आणि लाल झग्यावाल्या हिरोचा गठ्ठा उचलला. हा आमच्या पोरांचा सगळ्यात लाडका. गठ्ठा उलटासुलटा करून त्यानं विचारलं, "हे शिवलं कुणी?"

"मीच की."

"आणि कडा?"

"बीडला प्रेसात कापून घेतल्या. एकसारख्या दिसाव्या म्हणून."

"कव्हरं?"

"काढून टाकली. जाड पुठ्ठा घातला."

त्यानं गठ्ठा खाली ठेवला आणि हातमोजे काढले. मी समजावायला लागलो. सुटा अंक पोरं शर्टाखाली घालून पळवायची. पाच अंक एकत्र शिवले की पोटावर गठ्ठा दिसायचा. ह्या युक्तीचा मला तेव्हा केवढा अभिमान होता! शिवाय दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्यांची पोरं हेच गठ्ठे घेऊन कारखान्यावर जायची. मी डिपॉझिटही घेत नसे. उन्हाळ्यात टोळ्यांबरोबर गठ्ठे परत यायचे, उसाच्या पाचटाच्या खोपीतल्या चुलीच्या धुरानं काळे पडलेले, पण यायचे. सुटे अंक तिकडं टिकलेच नसते. माणूस चांगला होता, सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "काका, इतक्या वाचलेल्या अंकांना किंमत नसते हो."

माझं डोकं फिरलं. वाचायला नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायला आणले होते? पण गरज माझी होती, पुढचा गठ्ठा काढला.

पेटी उपसत उपसत तळाशी गेलो तेव्हा एक सुटा अंक निघाला, आला तसा प्लास्टिकच्या पिशवीत. कव्हरवर राखाडी कपड्यांतला एक हिरो. उडत नाही, कुणाला ठोसा मारत नाही. पोरं बघूनच परत द्यायची, "ह्यो निस्ता हुबाच हाय." फुकट देऊ केला तरी कुणी नेला नाही, म्हणून गठ्ठ्यात शिवलाही नाही. पुण्याच्या माणसानं घाईघाईनं हातमोजे पुन्हा चढवले. म्हणाला, "काका, ह्याचाच पिक्चर येतोय!"

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या पोरांनी ज्याला जीव लावला तो रद्दीत, आणि ज्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही तो भाव खाऊन गेला. लाल झग्यावाल्यासाठी मला खरंच वाईट वाटलं.

त्यानं देऊ केलेल्या पैशात गुडघ्याचं औषधपाणी काही महिने निघालं असतं. दुकान बंद करण्याइतके ते नव्हते. घासाघीस करायचं त्राण उरलं नव्हतं, हो म्हणालो. देण्याआधी एकदा बघावं तरी, हा गडी नेमकं करतो काय, म्हणून पिशवीत हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं. "उघडू नका काका. पान दुमडलं तर भाव गेला." मी हात मागे घेतला. अंक कडक डब्यात घालून तो बीडच्या गाडीनं निघून गेला.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. दुकान चालूच ठेवावं लागणार, हे ऐकून ती चहा टाकायला उठली. तिला वाचता येत नाही. ते सगळे गठ्ठे आम्ही दोघांनी मिळून शिवलेले. ती दोरा ओढायची आणि मी हातातल्या अंकाची गोष्ट तिला सांगायचो. चहाची कपबशी पुढं ठेवत ती म्हणाली, "मग त्या इकलेल्याची गोष्ट काय व्हती?"

"म्हाईत न्हाई."

"आवं, आपल्याच दुकानातला ना?"

मी चहा पीत राहिलो. ती गोष्टीची वाट बघत समोर बसली होती.