दाजींचा होकार

उकडतंय म्हणून मेव्हण्यानं सलूनचा पंखा सुरू केला. वाऱ्याची झुळूक गालाला लागताच दाजी वस्तरा टाकून मटकन खाली बसले. खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाळ तोंडानं ओरडलं, "अहो, माझी अर्धी राहिली!"

दाजींची स्वतःचीही अर्धीच होती. उजव्या गालाला हात लावायची सोय उरली नव्हती. वारा, पाण्याचा थेंब, साधा घास, काहीही पुरे. गालातून वीज सळसळत जायची. आधी दाताचं दुखणं समजून दोन दाढा उपटून झाल्या. मग कळलं, चेहऱ्याची नस बिघडलीय. गोळ्यांनी कळ कमी झाली, पण गुंगी यायला लागली; आणि झोकांड्या खाणाऱ्या माणसापुढे गळा धरायला गिऱ्हाइकं काही जिवावर उदार झालेली नव्हती. दुकान ओस पडत चाललं. दाजी पार थकले. रागवायला तोंड हलवावं लागतं, म्हणून त्यांनी रागावणंसुद्धा सोडून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. "मोठी कापाकापी नाही. गालातून सुई नसेच्या मुळापर्यंत न्यायची आणि दुखरी शाखा जराशी भाजायची. मध्येच तुम्हाला जागं करू. मुंग्या कुठे येतात ते नीट सांगा. चुकलात तर भलतीच शाखा बधिर होईल, आणि दुखणं राहील तिथंच."

बायकोनं दारापर्यंत बजावलं, "अहो, आत तरी खरं बोला. दुकानातल्यासारखं हो-हो करू नका."

बिचारीचं खोटं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं सरकार पडणार, की दाजी म्हणत, "पडणारच." पुढचं म्हणालं टिकणार, की "टिकणारच." हातात वस्तरा असताना माणसानं वाद घालू नये, असं त्यांचं मत.

टेबलावर जाग आली तेव्हा डोळ्यांवर दिवा होता आणि गालात सुई. मुंग्या हनुवटीला येत होत्या.

"गालालाच येतायत ना?" बाईंचा आवाज दमलेला होता. सकाळपासून उभ्या असणार.

"हो," दाजी म्हणाले. तोंडातून आपसूक गेलं.

"छान. झोपवा यांना."

छान कसलं? दाजींना धडकी भरली. पुन्हा ती वीज, पुन्हा त्या गोळ्या, पुन्हा रिकामी खुर्ची.

"थांबा... गालाला नाही. हनुवटीला."

सगळे थबकले. "मग मघाशी हो का म्हणालात?"

"सवय आहे, बाई."

सुई किंचित सरकली. "आता?"

"गालाला."

"नक्की? की सवय?"

"नक्की."

दुपारी खाटेवर त्यांनी डोळे उघडले. गाल दुसऱ्याच कुणाचा असावा तसा जड आणि बधिर होता. पण कळ? त्यांनी वाट पाहिली. आली नाही. हायसं वाटायलाही अंगात बळ नव्हतं.

मेव्हणा उत्साहानं वाकला. "दाजी, उद्या सकाळी दुकान उघडायचं ना? सगळ्यांना सांगूनच येतो!"

"नाही. मी झोपणार."