नारिंगी गोळ्यांचा डबा

तार आली तेव्हा मी ताटं मांडत होते. कुसुम गेली, लगेच या, एवढंच लिहिलेलं. आमच्या थोरल्या जाऊबाई भोपाळला साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या, त्याला आता महिना उलटला. रडू मागाहून आलं, आधी आला तो राग. नागपूरला यायचं, नागपूरला यायचं असा घोशा लावला होता बाईने, आणि गेली ती तिथूनच...

राज्यांची नवी आखणी झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि सचिवालयातल्या कारकुनांसोबत आमचे हे आणि थोरले भाऊजी असे दोघेही भोपाळला रवाना झाले. जाऊबाईंचं माहेर इतवारीतलं. वडिलांचं गोळ्या-पेपरमिंटचं छोटंसं दुकान. निघताना त्यांनी नारिंगी लिमलेटच्या गोळ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा लेकीच्या हाती दिला. मला वाटलं, प्रवासात तोंडात टाकायला असेल. पण छे! बाईंनी झाकण उघडू दिलं नाही. परत आलो की बाबांच्या दुकानात बसून खाऊ, म्हणाल्या. भोपाळचं बिऱ्हाड त्यांनी कधी नीट मांडलंच नाही. अर्ध्या ट्रंका बांधलेल्या, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, तुळससुद्धा डालड्याच्या डब्यात. भाऊजी बदलीसाठी अर्ज करत राहिले आणि अर्ज जाईल तिथे जिरत राहिले.

दुसऱ्या पावसाळ्यात डब्यातल्या गोळ्यांना दमट हवा लागली. एके दुपारी उघडून पाहतात तो सगळ्यांचा मिळून एक गोळा! खलबत्ता आणून फोडू म्हटलं, तर मला हात लावू देईनात. डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. शेजारच्या आपा आल्या त्या वेळी. अस्सल भोपाळच्या, फाळणीनंतर सख्खी बहीण कराचीला गेलेली. तिची पेटी आपांनी इतकी वर्षं जपली आणि उघडली तेव्हा आतले कपडे कसरीने खाल्लेले होते. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “जो सँभालकर रखा, वही चिपक गया, बहन. अब खा लो.”

जेली करायचं आपांनीच सुचवलं. साहेबलोकांच्या मेजवान्यांत त्यांच्या वडिलांनी पाहिलेला पदार्थ तो. जेली हाडांपासून करतात असं मी ऐकलं होतं, म्हणून दोन पावलं मागे सरले. आपा हसल्या. आमच्यासाठी त्यांनी चायना ग्रास आणली होती, समुद्रातल्या शेवाळाची. पांढऱ्या दोऱ्यांसारखी ती भिजवून उकळली, दुसऱ्या पातेल्यात गोळ्यांचा गोळा विरघळवला. जाऊबाई पळी हलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. वाफेला नारिंगीचा तो खोटा, दुकानी वास. मग आपा साच्यासाठी वाटी शोधायला गेल्या तेवढ्यात आमच्या बाईंनी काय करावं? ताटाला तुपाचा हात फिरवला, मिश्रण ओतलं, वर खोबरं आणि वेलदोडा भुरभुरला आणि सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या आखून ठेवल्या! आपा कपाळाला हात लावून बसल्या. गार झाल्यावर वडीच्या पोटाला तूप थिजलेलं, वर खोबरं, मधे थरथरणारी नारिंगी. चव म्हणाल तर खोकल्याच्या औषधात लाडू बुडवावा तशी. आपांनी एक तुकडा मोठ्या शिष्टाचाराने गिळला. जाऊबाईंनी मात्र तीन वड्या खाल्ल्या, ताट निपटून घेतलं आणि म्हणाल्या, “संपल्या. आता नाही गेलं परत, तरी चालेल.” खोटं होतं ते. मला कळत होतं, तरी मी मान हलवली.

पुढे आमची बदली नागपूरला झाली, त्यांची नाही. निरोपाच्या वेळी हेवादावा नाही, टोमणा नाही. एवढंच म्हणाल्या, “बाबांना सांग, गोळ्या छान होत्या.” मी सांगितलं. थोरले तिकडेच राहिले.

दहाव्याला तळ्याच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. भाऊजींनी हात जोडून सगळी वचनं दिली. मुलांना शिकवीन, तुझी तुळस वाढवीन... शेवटी, अस्थी नागपूरला नेईन, असंही म्हणाले. आमचे हे सांगतात, कावळे समोरच्या झाडावर बसलेले होते, हललेसुद्धा नाहीत. ऊन चढलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आटोपतं घेतलं. फार वाईट वाटलं मला. अजून वाटतं.

भोपाळहून येताना तो रिकामा डबा मी मागून घेतला आणि इतवारीत जाऊबाईंच्या वडिलांना नेऊन दिला. म्हाताऱ्याने फडक्याने डबा आतून-बाहेरून पुसला, बरणी तिरपी करून नारिंगी गोळ्यांनी गळ्यापर्यंत भरला आणि मागच्या फळीवर ठेवला. परवा त्या बाजूला गेले होते. पुढची बरणी संपलेली, म्हणून एका गिऱ्हाईकाने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“त्या नाहीत विकायच्या,” म्हणाले. “दिलेल्या आहेत त्या.”